बारावीचे कॅल्क्युलस आणि मुरुडचे वर्ष

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावी विज्ञान शाखेत गणिताची दोन पाठ्यपुस्तके आहेत. पहिल्या भागात सात प्रकरणे आहेत आणि दुसऱ्यात आठ. त्या आठांपैकी सहा प्रकरणे कॅल्क्युलसची आहेत: डिफरन्सिएशन, त्याचे उपयोग, इनडेफिनिट इंटिग्रेशन, डेफिनिट इंटिग्रेशन, त्याचे उपयोग आणि शेवटी डिफरन्शियल इक्वेशन्स. उरलेली दोन प्रकरणे संभाव्यतेची, पण त्यांतल्या एकातही अधूनमधून इंटिग्रेशन करावे लागतेच. गणित हा विषय घेतला की कॅल्क्युलस बाजूला ठेवून बारावी पार करण्याचा मार्ग जवळजवळ उरत नाही. हीच प्रकरणे पुढे एमएचटी-सीईटीत आणि जेईईत येतात आणि अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचे गणित त्यांच्यावरच उभे राहते.

रायगड जिल्ह्यातल्या मुरुडसारख्या गावात या अभ्यासाला आणखी काही गोष्टी चिकटलेल्या असतात. विज्ञान शाखेचा विद्यार्थी राजपुरी, एकदरा, मजगाव, नांदगाव अशा आसपासच्या गावांतून एसटीने येतो. मोठे क्लास अलिबागला, म्हणजे काशीद आणि रेवदंड्यावरून सुमारे ५० किलोमीटरवर. घरी मासेमारी, वाडी, भातशेती किंवा पर्यटकांसाठी ठेवलेल्या खोल्या, यांतले एखादे तरी काम असते आणि हंगामात त्याला घरातला प्रत्येक हात लागतो. ‘पीसीएमबी’ घेतलेल्यांना भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या तिन्हींची प्रात्यक्षिके आणि तिन्हींची जर्नले असतात. गणितासाठी सलग तीन-चार तास काढा, हा सल्ला अशा घरात निरुपयोगी ठरतो. थोडा वेळ हाताशी असेल तर तो नेमका कशावर घालवावा, हा इथला खरा प्रश्न आहे.

कॅल्क्युलस अवघड जाते अशी तक्रार बहुतेक विद्यार्थी करतात. त्यांच्या वह्या पाहिल्या तर चुका बहुधा दुसरीकडेच सापडतात. डेरिव्हेटिव्ह काढण्याचे नियम मोजकेच आहेत आणि ते आठवड्याभरात पाठ होतात. गणित अडते ते त्या नियमाच्या आधीच्या किंवा नंतरच्या पायरीवर: अपूर्णांकांची बेरीज, घातांकांचे नियम, वजा चिन्ह कंसात नेणे, त्रिकोणमितीतली एखादी नित्यसमानता. बारावीच्या डिफरन्सिएशनमधला एक ठरलेला प्रश्न असा असतो: दोन एक्सला एक अधिक एक्सवर्गाने भागले, आलेल्या राशीचा साइन इन्व्हर्स घेतला, तर त्याचा डेरिव्हेटिव्ह काढा. थेट नियम लावला तर पानभर आकडेमोड होते. एक्सच्या जागी टॅन थीटा ठेवला तर ती राशी साइन दोन थीटा होते आणि एक्सची किंमत उणे एक ते एकच्या दरम्यान असेल तर उत्तर दोन ओळींत येते. ही युक्ती सुचण्यासाठी लागते ते दुप्पट कोनाचे सूत्र, आणि ते अकरावीच्या त्रिकोणमितीत आहे. इंटिग्रेशनमध्येही तसेच आहे. छेदात वर्गराशी आली की तिला पूर्ण वर्गाच्या रूपात मांडावे लागते, आणि पूर्ण वर्ग करण्याची रीत दहावीच्या वर्गसमीकरणांत शिकवून झालेली असते.

दहावीत काय नसते हेही पाहायला हवे. राज्य मंडळाच्या दहावीत बीजगणित आहे, समरूपता आहे, थोडी त्रिकोणमिती आहे, पण कोन अंशांत मोजलेला असतो आणि फंक्शन ही कल्पना स्वतंत्रपणे आलेली नसते. रेडियन, फंक्शन, लॉगॅरिदम या तिन्ही गोष्टी अकरावीत थोड्याथोडक्या अंतराने अंगावर येतात. मराठी किंवा उर्दू माध्यमातून दहावी झालेल्याला त्याच वेळी इंग्रजी पुस्तकाचीही सवय करून घ्यावी लागते. रेडियनकडे दुर्लक्ष झाले तर पुढचे सगळेच डळमळते, कारण साइनचा डेरिव्हेटिव्ह कॉस हे सुंदर सूत्र कोन रेडियनमध्ये असेल तरच खरे ठरते. अंशांत मोजले की मध्ये पाय भागिले १८० चा गुणक घुसतो. वर्गात हा मुद्दा बहुतेक वेळा एका वाक्यात उरकला जातो, तो तितका लहान नाही.

अभ्यासक्रमाचा क्रमही विद्यार्थ्याच्या बाजूने नाही. अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या दुसऱ्याच प्रकरणात व्हेक्टरबरोबर कॅल्क्युलसची तोंडओळख येते आणि लगेच पुढच्या प्रकरणात वेग व त्वरण डेरिव्हेटिव्हच्या भाषेत मांडले जातात. गणिताच्या पुस्तकात मात्र फंक्शन, लिमिट, कंटिन्युइटी आणि डिफरन्सिएशन ही प्रकरणे दुसऱ्या भागाच्या अगदी शेवटी आहेत. भौतिकशास्त्राच्या तासाला जे ऑगस्ट-सप्टेंबरात लागते, ते गणिताच्या तासाला वर्ष संपताना, बहुधा घाईत, उरकले जाते. यावर उपाय सोपा आहे: गणितातले फंक्शन आणि लिमिट हे भाग वर्ष सुरू होतानाच स्वतःहून वाचून ठेवणे. मागचे प्रकरण आधी वाचू नये असा काही नियम नाही.

लिमिट म्हणजे काय हे कळायला मुरुडकरांना लांब जावे लागत नाही. किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते आणि एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात. हिशेबासाठी एक आदर्श दिवस धरू. भरतीला पाण्याची उंची ३ मीटर, ओहोटीला १ मीटर, आणि मधला चढउतार कॉस वक्राप्रमाणे. खऱ्या समुद्रात एकाच दिवसातल्या दोन भरत्याही सारख्या उंचीच्या नसतात, उधाण आणि भांग यांत तर बराच फरक पडतो. पण समजून घेण्यासाठी हे पुरे आहे. भरती पूर्ण झाल्यानंतरच्या पहिल्या तासात पाणी जेमतेम १२-१३ सेंटिमीटर उतरते. भरती आणि ओहोटीच्या मधोमध, तीन-साडेतीन तासांच्या आसपास, तेच पाणी तासाला अर्धा मीटर उतरू लागते. भरती ‘थांबली’ असे कोळी म्हणतात त्या घटकेला उतरण्याचा दर शून्य असतो. उंची सर्वांत जास्त असताना डेरिव्हेटिव्ह शून्य होतो, हे मॅक्झिमा-मिनिमाच्या प्रकरणाचे मूळ सूत्र इथे डोळ्यांना दिसते.

आता मधल्या त्या क्षणी दर नेमका किती, हे काढायचे आहे. त्या क्षणापासून पुढच्या एक तासात पाणी ४८.५ सेंटिमीटर उतरते, म्हणून सरासरी दर तासाला ४८.५. फक्त अर्धा तास घेतला तर सरासरी तासाला ५०.१ येते. दहा मिनिटे घेतली तर ५०.५. कालावधी जसजसा आखडत न्यावा तसतसा आकडा ५०.६ च्या जवळ सरकतो आणि त्याच्या पलीकडे जात नाही. हा आकडा म्हणजे लिमिट, आणि तोच त्या क्षणाचा डेरिव्हेटिव्ह. कालावधी शून्य कधीच केलेला नाही, कारण शून्याने भागता येत नाही. तो फक्त शून्याकडे नेला. लिमिटमधली ही मेख लक्षात आली की ‘झिरो बाय झिरो’च्या गणितांत आधी अवयव पाडून छेद का घालवायचा, हे वेगळे सांगावे लागत नाही. आणि उलट दिशेने गेले, म्हणजे दर मिनिटाचा दर माहीत असेल आणि सगळे बारीक बदल बेरजेत धरले, तर पाणी एकूण किती उतरले हे मिळते. ते इंटिग्रेशन. आरंभीची उंची माहीत नसेल तर शेवटची उंची सांगता येत नाही. उत्तराच्या शेवटी लिहायचा ‘अधिक सी’ त्या न कळलेल्या उंचीसाठी असतो. तो विसरल्यामुळे दरवर्षी अनेकांचे गुण जातात.

क्षणिक गतीचा विचार भारतात जुना आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ग्रहांची तात्कालिक गती काढताना ज्येतील, म्हणजे साइनमधील, सूक्ष्म बदल कोज्येच्या प्रमाणात होतो हे सूत्र वापरले आहे. पुढे केरळात माधवांच्या परंपरेने साइन आणि कॉसच्या अनंत श्रेणी मांडल्या. सतराव्या शतकात न्यूटन आणि लायब्निझ यांनी या विखुरलेल्या कल्पनांना सर्वत्र चालेल अशी रीत दिली, आणि डीवाय बाय डीएक्स हे चिन्ह लायब्निझचे. रायगडच्या किनाऱ्याशी गणिताचे नाते जोडणारे नाव केरो लक्ष्मण छत्रे यांचे. अलिबागजवळच्या नागावचे हे केरूनाना पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गणित शिकवत, लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी होते, आणि त्यांची ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ १८६० ची. गणित शिकवणारे महर्षी धोंडो केशव कर्वे हेही मुरुडचेच, पण ते मुरुड दापोली तालुक्यातले, रत्नागिरी जिल्ह्यातले. दोन्ही गावांची गल्लत नेहमी होते.

वेळेच्या नियोजनाकडे वळताना पहिली गोष्ट ही की मुरुडचे वर्ष पुण्या-मुंबईच्या क्लासच्या वेळापत्रकाप्रमाणे चालत नाही. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात आणि पर्यटक तुरळक. मच्छीमार आणि पर्यटनावरच्या घरांसाठी हा मोकळा काळ आहे. भातशेती असलेल्या घरांचे उलटे असते: लावणी याच दिवसांत आणि कापणी दसरा-दिवाळीच्या सुमारास. दिवाळीची सुट्टी, नाताळचा आठवडा आणि एप्रिल-मे हे दिवस खोल्या भाड्याने देणाऱ्यांसाठी सर्वांत धावपळीचे. बोर्डाची लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, त्याआधी प्रात्यक्षिके, जेईई मेनची पहिली फेरी जानेवारीत आणि सीईटी साधारण एप्रिल-मेमध्ये येते. दोन्ही दिनदर्शिका शेजारी ठेवल्या की एक गोष्ट लगेच दिसते: नाताळात आणि मेमध्ये नवे काही शिकण्याची अपेक्षा ठेवणे फसवे आहे. ते दिवस उजळणीपुरते धरावेत. नवे प्रकरण उचलायचे तर ते पावसात.

अकरावी संपून बारावी सुरू होताना येणारा जून हा यात सर्वांत मोलाचा. अकरावीची परीक्षा कॉलेजच्या पातळीवर होत असल्याने ते वर्ष विश्रांतीचे मानण्याची पद्धत पडली आहे, आणि त्याची किंमत बारावीच्या डिफरन्सिएशनमध्ये चुकवावी लागते. जूनमध्ये बारावीच्या पुस्तकात धाव घेण्यापेक्षा अकरावीतली चार प्रकरणे पक्की करणे अधिक फायद्याचे: त्रिकोणमितीचा दुसरा भाग, फंक्शन, लिमिट आणि डिफरन्सिएशनची सुरुवात. त्यासोबत दहावीतली वर्गसमीकरणे. हे सगळे मिळून रोज तासाभराच्या अभ्यासात पावसाच्या दोन महिन्यांत बसते. शेतकरी घरातल्या मुलांना हाच तास लावणी उरकल्यावर, ऑगस्टात धरता येतो. २०२० मध्ये मात्र ३ जूनला निसर्ग चक्रीवादळाने याच किनाऱ्यावर नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या, टाळेबंदी चालूच होती आणि बारावीची नवी पाठ्यपुस्तके नेमकी त्याच वर्षी आली. त्या तुकडीला कोणतेही नियोजन लागू पडले नसते.

थोड्या वेळात जास्त पदरात कसे पडते यावर मानसशास्त्राने बरेच काम केले आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवले की शिकलेले पहिल्या काही तासांत झपाट्याने विसरते आणि विसरण्याचा वेग नंतर मंदावतो. एकाच दिवशी केलेल्या तीन तासांपेक्षा तीन दिवसांत विभागलेले तीन तास जास्त टिकतात. ज्यांच्याकडे सलग वेळ नाही त्यांच्या दृष्टीने हा निष्कर्ष दिलासादायकच म्हणायचा. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितावर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की नवशिक्याने सुरुवातीला सोडवलेली उदाहरणे नीट वाचली तर तो नुसती गणिते झगडत सोडवणाऱ्यापेक्षा लवकर शिकतो. पाठ्यपुस्तकातली ‘सॉल्व्ह्ड एक्झाम्पल्स’ ओलांडून थेट स्वाध्यायाकडे जाणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. उदाहरण वाचायचे, मग पुस्तक मिटून तेच उदाहरण कोऱ्या कागदावर उतरवायचे. जिथे हात अडेल तिथेच समज अपुरी आहे.

एसटीचा प्रवासही पुस्तकाशिवाय वापरता येतो. अलिबाग-मुरुड रस्त्याच्या वळणांवर गाडीत वाचले की अनेकांना मळमळते, तेव्हा सूत्रे मनातल्या मनात म्हणून पाहावीत: सेकचा डेरिव्हेटिव्ह काय, वन बाय एक्सचे इंटिग्रेशन काय, भागाकाराच्या नियमात आधी कोण. न आठवलेले सूत्र उतरल्यावर पाहायचे. सूत्रांची वही दहा वेळा वाचण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडते, कारण परीक्षेतही आठवायचेच असते.

ओझे कमी करण्याचा आणखी एक मार्ग विषयांच्या सीमेवर आहे. बारावीच्या भौतिकशास्त्रातले दोलन म्हणजे एक डिफरन्शियल इक्वेशन, तापलेल्या वस्तूचे थंड होणे म्हणजे दुसरे. वायूने प्रसरण पावताना केलेले काम म्हणजे डेफिनिट इंटिग्रल. रसायनशास्त्रातल्या पहिल्या कोटीच्या अभिक्रियेचे वेगसूत्र आणि गणितातली किरणोत्सारी ऱ्हासाची उदाहरणे यांत अक्षरे सोडली तर काहीच वेगळे नाही. ही चार ठिकाणे एकाच बैठकीत, एकाच वहीत केली तर तीन विषयांचा अभ्यास एकदम होतो. दुर्दैवाने तीन विषयांचे तीन शिक्षक हे तीन वेगवेगळ्या महिन्यांत शिकवतात, त्यामुळे जोडणी विद्यार्थ्यालाच करावी लागते.

इंटिग्रेशनला सर्वांत जास्त वेळ द्यावा लागतो आणि तो द्यावाच. डिफरन्सिएशनमध्ये कोणती रीत लावायची हे राशी पाहताच कळते. इंटिग्रेशनमध्ये रीत ओळखणे हेच अर्धे काम: सबस्टिट्यूशन, बाय पार्ट्स की पार्शियल फ्रॅक्शन्स? पाठ्यपुस्तकात प्रत्येक रीतीचा स्वाध्याय वेगळा असल्याने तो सोडवताना ओळखण्याची गरजच पडत नाही, शीर्षकातच उत्तर असते. म्हणून वीसच्या वीस गणिते बरोबर आलेला विद्यार्थी सीईटीच्या पहिल्या सराव परीक्षेत गोंधळतो. डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गणिताचे प्रकार सरमिसळ करून सोडवणाऱ्यांना सरावाच्या वेळी जास्त चुका झाल्या, पण नंतरच्या चाचणीत त्यांनीच बाजी मारली. प्रकरणाच्या शेवटचा ‘मिसलेनियस एक्सरसाइज’ त्यासाठीच आहे. वेळ कमी असेल तर मधल्या स्वाध्यायांतली एकाआड एक गणिते सोडावीत, हा मात्र सोडू नये. डेफिनिट इंटिग्रेशनमध्ये गुणधर्मांचे पान महत्त्वाचे, विशेषतः शून्य ते ए या मर्यादांत एक्सच्या जागी ए वजा एक्स घालण्याचा गुणधर्म: त्याने भलीमोठी गणिते तीन ओळींत संपतात. डेफिनिट इंटिग्रेशनच्या उपयोगांचे प्रकरण, म्हणजे वक्राखालचे क्षेत्रफळ, सगळ्यांत छोटे. त्यातले गुण स्वस्तात मिळतात, पण ते शेवटी असल्याने बरेच जण तिथवर पोहोचतच नाहीत.

बोर्डाची प्रश्नपत्रिका तीन तासांची, ८० गुणांची, आणि २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. पहिल्या विभागात दोन गुणांचे आठ बहुपर्यायी आणि एक गुणाचे चार प्रश्न सक्तीचे. पुढे दोन गुणांच्या बारांपैकी आठ, तीन गुणांच्या बारांपैकी आठ आणि चार गुणांच्या आठांपैकी पाच. पर्याय धरून एकूण ११२ गुणांचे प्रश्न समोर असतात. कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालते. बहुपर्यायी प्रश्नांत पहिलेच उत्तर ग्राह्य धरतात, म्हणून खाडाखोड करून दुसरे लिहिण्यात अर्थ नाही. पर्याय भरपूर असल्याने कॅल्क्युलसचा एखादा न पेलणारा कोपरा सोडता येतो, सहाही प्रकरणे सोडता येत नाहीत.

परदेशातल्या मराठी घरांत याच वयाची मुले ‘एपी कॅल्क्युलस’ देतात तेव्हा त्यांच्यासमोर वेगळ्या वळणाची परीक्षा असते: ४५ बहुपर्यायी प्रश्न, सहा विस्तृत प्रश्न आणि काही भागात ग्राफिंग कॅल्क्युलेटरची मुभा. आलेख किंवा कोष्टक देऊन दराबद्दल विचारणे आणि उत्तराचा अर्थ वाक्यात लिहायला लावणे यावर तिथे भर असतो. बोर्डाच्या परीक्षेत हातची रीत तपासली जाते. भरतीच्या कोष्टकावरून दर काढण्यासारखा प्रश्न बोर्डात क्वचितच येईल, पण तो सोडवता आला तर रीतही जास्त पक्की बसते.

सीईटीचे गणित पुन्हा तिसऱ्याच जातीचे. ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, वेळ ९० मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद. सुमारे २० टक्के भाग अकरावीचा असतो आणि त्यात फंक्शन, लिमिट, कंटिन्युइटी येतात, त्यामुळे जूनमध्ये केलेले काम इथे दुसऱ्यांदा कामी येते. बोर्डाची परीक्षा संपल्यावर सीईटीपर्यंतचे आठवडे मुरुडात पर्यटकांच्या गर्दीचे. घरात निवांतपणा मिळतो तो पहाटे, पाहुणे उठण्याआधी, आणि दीड तासाची एक सराव परीक्षा त्या वेळात बसते. तपासणी दुपारी केली तरी चालते, फक्त चुकलेल्या प्रश्नापुढे कारण लिहावे: रीत ओळखली नाही, सूत्र आठवले नाही, की बेरीज-वजाबाकी चुकली. पहिल्या कारणाला मिसळ सराव लागतो, दुसऱ्याला रोजची उजळणी. तिसऱ्यासाठी वेग थोडा कमी करावा लागतो. अडलेला प्रश्न दोन मिनिटांनंतर सोडून पुढे जावे आणि शेवटी अंदाजाने का होईना उत्तर नोंदवावे, कारण या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत.